डब्यातलं जांभळं दही

गेल्या वर्षी रमजान मार्चमध्ये आला होता. असरची नमाज झाली होती, भजी तळायला घ्यायची होती, आणि दारात माझी एक जुनी विद्यार्थिनी उभी. हातात स्टीलचा डबा. दहावीपर्यंत माझ्याकडे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकली, आता फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या अख्ख्या खानदानात विज्ञान शिकणारी पहिलीच मुलगी, म्हणून मला तिचं जरा जास्तच कौतुक.

डबा दस्तरखानावर ठेवून तिने झाकण काढलं. आत दही होतं. पण रंग फिकट जांभळा, मध्ये बारीक गडद ठिपके. म्हणाली, "टीचर, मेरा प्रोजेक्ट है. इफ्तार के बाद चखो और सच सच बोलो." मी विचारलं, जांभूळ घातलंस का? ती म्हणाली, "नाही टीचर, द्राक्षाचा चोथा आहे. वायनरीतून आणलेला."

माझ्या सासूबाई शेजारीच खजुरातल्या बिया काढत होत्या. त्यांचा हात थांबला. मी डब्याचं झाकण लावलं आणि तो उचलून तिच्या हातात दिला. "रोज्याच्या घरात हे आणतेस? जा, घेऊन जा." माझा आवाज चढलेला होता. तिने काही उत्तर दिलं नाही. सलाम करून जिना उतरून गेली. पंधरा-वीस मिनिटांत अजान झाली, आम्ही रोजा सोडला, आणि खजूर काही केल्या गोड लागेना.

आता मी नाशिकची, म्हणजे वाइन काय असते हे मला ठाऊक नाही असं म्हणायला जागा नाही. आमच्या शहराच्या चारी बाजूंना द्राक्षाच्या बागा आहेत. खायची द्राक्षं वेगळी आणि वाइनची वेगळी, हे इथल्या पाचवीच्या पोरालाही माहीत असतं. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आत बी. शिराझ, काबर्ने, शेनिन ब्लाँ ही नावं आमच्याकडे टेम्पोवाल्यांच्या तोंडी असतात. साधारण जानेवारी ते मार्च हा तोडणीचा हंगाम, म्हणजे गेली दोन-तीन वर्षं तोडणी आणि रमजान एकमेकांना येऊन भिडलेत. या मुलीचे अब्बा टेम्पोच चालवतात. हंगामात बागेतून क्रेट भरून वायनरीच्या गेटपर्यंत नेतात. रोजा ठेवून. ही गोष्ट मला ठाऊक होती, आणि डबा परत करताना ती आठवली नाही असंही नाही.

2022 साली सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा निर्णय सरकारने केला तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असं बरंच ऐकू आलं होतं. आमच्यापुरता तो वाद फार पूर्वीच मिटलेला आहे. द्राक्षाच्या आंबवलेल्या रसाबद्दल आमच्या चारही मजहबांत दुमत नाही. माझा प्रश्न रसाचा नव्हताच. रस गेल्यावर मागे जे राहतं, त्याचा होता.

त्याला मराठीत चोथा म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडतो. साली, बिया, थोडे देठ, थोडा गर. जेवढी द्राक्षं गाळपाला जातात त्यांच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा भाग चोथा म्हणून उरतो. म्हणजे शंभर किलो द्राक्षांमागे वीस-पंचवीस किलो. हंगामात वायनरीच्या मागे त्याचे ढीग लागतात. तो ओला असतो, एका दिवसात आंबट वास मारू लागतो, दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो. कुठे खत करतात, कुठे गुरांना घालतात. इटलीत त्याच्यापासून ग्रापा नावाची कडक दारू गाळतात. तिथल्या व्हेनेटो भागात एक चीज आहे, ते मुरवण्यासाठी चोथ्यात पुरून ठेवतात, आणि त्याचं नावच 'उब्रियाको', म्हणजे झिंगलेलं. ज्यांनी नाव ठेवलं त्यांनी निदान लपवाछपवी केली नाही!

मग हा चोथा दह्यात कशाला घालायचा? हे मी नंतर वाचलं, आणि वाचताना वाटलं की हे तर आपल्या स्वयंपाकघरातलंच दुखणं आहे. दह्याला पाणी सुटतं. दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं, त्याचे बारीक बारीक गोळे दुधात तरंगत असतात. विरजण लागलं की दूध आंबट होत जातं, सामू 4.6 च्या आसपास आला की हे गोळे एकमेकांना धरतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. त्या जाळ्यात पाणी अडकून राहतं, त्यालाच आपण घट्ट दही म्हणतो. चमचा घातला, भांडं हललं किंवा दही शिळं झालं की जाळं आवळतं आणि हिरवट पाणी बाहेर येतं. घरी आपण ते ओतून देतो किंवा कढीत ढकलतो. डेअरीवाल्यांना मात्र तीन आठवडे कपात पाणी दिसता कामा नये. म्हणून दूध पावडर, स्टार्च, पेक्टिन, आणि काही ठिकाणी जिलेटिन. जिलेटिन जनावराच्या कातड्या-हाडांपासून येतं, आणि परदेशात राहणारे आपले लोक दह्याचा कप उलटा करून बारीक अक्षरं वाचतात ते याच्याचसाठी.

चोथ्याच्या पावडरीत तंतू पुष्कळ असतो. तंतू पाणी शोषतो आणि धरून ठेवतो. शिवाय सालीत आणि बियांत टॅनिन असतं, ते केसीनला जाऊन चिकटतं. ही चिकटाचिकटी आपण रोज पाहतो, कळत नाही एवढंच. कोऱ्या चहाने जीभ आखडते आणि दूध घातलं की तोच चहा मऊ लागतो, कारण चहातलं टॅनिन जिभेऐवजी दुधाला धरतं. अमेरिकेत ओरेगन राज्याच्या विद्यापीठात 2013 साली पिनो न्वार द्राक्षाचा चोथा वाळवून, दळून दह्यात घालून पाहिला होता. दही तीन आठवडे थंड ठेवलं, तपासलं, लोकांना चाखायला दिलं. लोकांना सगळ्यात बरं वाटलं ते 1 टक्का पावडरवालं. त्यापुढे नाही. इतर ठिकाणच्या प्रयोगांत कुठे पाणी कमी सुटलं, कुठे उलट जास्त सुटलं, कारण भुकटी जाडी असेल किंवा जास्त असेल तर ती जाळ्याच्या मध्ये येते आणि जाळंच नीट विणलं जात नाही. पोत सुधारायला घातलेली वस्तू पोत बिघडवूही शकते. किती आणि केव्हा घालायची यावरच सगळं आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्या रात्री तरावीह झाल्यावर माझ्या डोक्यात फिरत होता तो एक शब्द. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला शब्दच छळतात. खम्र म्हणजे शराब, आणि खमीर म्हणजे आंबवण, ज्याने नान फुगतो. दोन्ही एकाच धातूपासून आले आहेत, ख-म-र, म्हणजे झाकणं. डोकं झाकायचा खिमारही तिथूनच आला. शराब अक्कल झाकते म्हणून खम्र, असं आम्ही मुलांना सांगतो. आणि मी रोज रात्री विरजण लावून भांड्यावर ताटली झाकते, ते काय? आंबणं हराम नाही. खमीर हराम नाही. मग मी त्या पोरीवर नेमकी कशासाठी ओरडले? 'वायनरी' या शब्दासाठी. बी.एड.ला असताना आम्हाला एक पाठ होता, विद्यार्थ्याचा प्रश्न पूर्ण ऐकून घेण्याबद्दल. त्या पाठाला मला चांगले गुण मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या मौलानांना फोन केला. त्यांची नात माझ्या वर्गात आहे, त्यामुळे त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येतं. मला वाटलं होतं ते दोन वाक्यांत नको म्हणतील आणि माझं मन शांत होईल. त्यांनी उलट मलाच विचारलं, "टीचरसाहेबा, साल कब अलग होती है? रस पहले निकलता है, या पहले सडाते हैं?"

मला सांगता आलं नाही.

ते हसले नाहीत. म्हणाले, पाहा, ही चर्चा आजची नाही. 'हिदाया' मदरशात शिकवतात, लिहिणारे मर्गीनानी 1197 साली वारले. त्यात पेयांच्या प्रकरणात शराबच्या गाळाचा उल्लेख आहे. तळाशी बसलेला गाळ पिणं आणि केसांना लावून कंगवा करणं, दोन्ही त्यांनी मकरूह सांगितलंय, कारण त्या गाळात शराबचा अंश असतो. (तेव्हाच्या बायका केस चमकावे म्हणून तो लावत असाव्यात. हे ऐकून मला फार मजा वाटली. आठशे वर्षांपूर्वीच्या फिकहच्या किताबात हेअर कंडिशनर!) म्हणजे त्या लोकांनी शराबच्या बाजूला काय काय उरतं, कोण ते कशाला वापरतं, हे बघितलं होतं. "तो पहले पूछो वो कैसे बनाते हैं. फिर मसअला पूछो."

विचारायचं कुणाला? तिलाच. फोन लावायला मला दोन दिवस लागले. शिक्षकाला माफी मागताना जीभ जड होते. दह्यात टॅनिन जास्त झाल्यावर होते तशी.

तिने शांतपणे सांगितलं. व्हाइट वाइनसाठी द्राक्षं आल्या आल्या दाबतात. रस एकीकडे, साली दुसरीकडे. आंबवणं नंतर, आणि ते नुसत्या रसाचं. त्या चोथ्याने अल्कोहोल पाहिलेलंच नसतं. तो ओला, गोड, साखर असलेला असतो, आपण घरी द्राक्षाचं सरबत गाळल्यावर फडक्यात उरतो तसाच. रेड वाइनचं उलटं. लाल रंग सालीत असतो, रसात नसतो, म्हणून साली रसातच ठेवून आठवडा-दीड आठवडा आंबवतात आणि मग दाबतात. तो चोथा शराबमध्ये भिजून निघालेला. "टीचर, मी आणलेला शेनिन ब्लाँचा होता. रंगासाठी त्यात थोडी काळ्या बाजारी द्राक्षाची साल घातली होती. मी तेच सांगणार होते. तुम्ही विचारलंच नाही."

मग मी म्हटलं, माझं चुकलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग ती म्हणाली की गाइड सरांनाही तिने आधीच सांगून ठेवलंय की रेडच्या चोथ्याला ती हात लावणार नाही, आणि त्यामुळे तिच्या प्रोजेक्टचा अर्धा भाग कापला गेलाय. तिच्या वर्गातल्या दुसऱ्या मुलीला तो दिला. म्हणजे मी जे तिला ओरडून सांगितलं, ते तिने माझ्याआधी, शांतपणे आणि स्वतःच्या मार्कांची किंमत देऊन केलेलं होतं.

मौलानांना मी ही माहिती कळवली. पांढऱ्याबद्दल ते म्हणाले, ती फळाची साल आहे, फळाची साल हलाल आहे. लालबद्दल ते तयार झाले नाहीत. वाळवल्यावर अल्कोहोल उडून जातं असं मी म्हटलं, तर म्हणाले की भिजलेला कपडा वाळला म्हणून पाक होत नाही. पण बदलून वेगळीच वस्तू झाली तर? शराबचा सिरका झाला तर तो हलाल आहेच, आणि सिरक्याला तर आपल्या नबींनी उत्तम तोंडीलावणं म्हटलंय. त्यावर ते म्हणाले, सिरका ही वेगळी वस्तू झाली, वाळलेली साल सालच राहिली. आणि सिरक्यातही एक फरक आहे, तो कोकणातल्या वाचकांसाठी लिहिते. आम्ही हनफी लोक मुद्दाम काही घालून केलेला सिरकाही चालवतो. शाफई मजहबात शराब आपोआप सिरका झाली तरच तो पाक, काही टाकून केली तर नाही. अमेरिकेतला किंवा मलेशियातला एखादा मुफ्ती लालच्या चोथ्याबद्दल वेगळं म्हणेलही. मी माझ्या मौलानांचं सांगितलं.

मला त्यांचं पटलं. पण पटण्याआधी मी माझं फडताळ उघडलं आणि तिथे जरा अडचण झाली. ईदला मी मेरांग करते, अंड्याचा पांढरा भाग फेटताना क्रीम ऑफ टार्टर घालते. ही पांढरी पूड मुळात वाइनच्या पिंपांच्या आतल्या बाजूला धरणाऱ्या खड्यांपासून आणि तळच्या गाळातून काढतात. शेले नावाच्या शास्त्रज्ञाने 1769 साली त्यातूनच टार्टारिक आम्ल वेगळं केलं होतं. पॅकेटवर 336 क्रमांक असतो. पुष्कळ हलाल याद्यांत ते चालतं असं लिहिलेलं असतं, कारण ते द्राक्षातलंच क्षार आहे, धुऊन, विरघळवून, पुन्हा खडे पाडून शुद्ध केलेलं. असेल. पण मी बारा वर्षं ते घालत होते आणि एकदाही विचारलं नव्हतं. मुलांच्या स्ट्रॉबेरी दह्याच्या कपावर 163(ii) दिसलं, तर तो द्राक्षाच्या सालीचा रंग. तो कोणत्या सालीचा, कपावर लिहिलेलं नसतं. सासूबाईंना मी हे सांगितलं नाही. त्यांना मेरांग आवडतो.

मग मी स्वतः करून पाहायचं ठरवलं. दोन किलो काळी द्राक्षं आणली, इफ्तारसाठी सरबत केलं, आणि मलमलच्या फडक्यात उरलेला चोथा गच्चीवर पातळ ओढणीखाली वाळत घातला. मार्चचं ऊन, चार दिवसांत कडक झाला. मिक्सरमध्ये दळून मैद्याच्या चाळणीने चाळला. केकसाठीचा वजनकाटा होता. लिटरभर दुधाला दहा ग्रॅम, म्हणजे ओरेगनवाल्यांचं 1 टक्का.

पहिल्यांदा कोमट दुधात विरजणाबरोबरच पावडर घातली. दूध राखाडी जांभळट झालं, भिंतीला लावायच्या रंगासारखं. आमच्याकडे कुणी त्याला हात लावला नसता. पण सकाळपर्यंत दही लागलं तेव्हा रंग गुलाबीकडे सरकला होता. सालीतला रंग आंबटपणाबरोबर बदलतो, हे मी वाचलं होतं, डोळ्यांनी पाहिलं तेव्हा खरं वाटलं. मात्र पावडर सगळी तळाशी बसली होती. वर साधं दही, खाली चिखल. दुसऱ्यांदा आधी दही लावलं, फेटलं, मग पावडर मिसळून फ्रीजमध्ये ठेवलं. शेजारी तितकंच साधं फेटलेलं दही. दुसऱ्या दिवशी साध्या वाटीत कडेने बोटभर पाणी, जांभळ्या वाटीत अगदी थोडं. मी ती वाटी तिरकी करून नवऱ्याला दाखवली. ते म्हणाले, चवीचं बोला. चव तुरट-आंबट, वाईट नव्हती. जिभेवर मात्र रवाळपणा. तिसऱ्यांदा हौसेने तीस ग्रॅम घातली आणि सगळं वाया गेलं. दही मोडलं, जीभ आखडली, धाकटा म्हणाला की यात माती पडलीय.

माझ्या तीन वाट्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी जाणते. पण एक गोष्ट सुचली आणि ती मी तिला लिहून पाठवली. वायनरीच कशाला? आमच्या पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यांनी मांजरी मेडिका नावाची खास रसासाठीची काळी जात काढलीय. रसाच्या द्राक्षाचाही चोथा उरतोच, आणि गडद रंगाचा उरतो. त्याला कुणाचा फतवा लागत नाही. तिचं उत्तर लगेच आलं: टीचर, हे गाइड सरांना सांगून झालंय. रसाच्या कारखान्याचा चोथा गरम करून रंग काढून घेतल्यावरचा असला तर पावडर वेगळी वागते, ते तपासावं लागेल. पुन्हा एकदा ती माझ्या पुढे होती.

ईदच्या दुपारी ती आली, अब्बांना घेऊन. शीरखुर्मा झाला. अब्बांनी एक प्रश्न विचारला, आणि तो माझ्यासाठी विचारलेला नव्हताच, खोलीतल्या हवेला विचारलेला होता. म्हणाले, शराबशी संबंधित दहा जणांवर लानत आहे असं बयानात ऐकलं, त्यात वाहून नेणाराही आहे. मी तर द्राक्षं नेतो. गेटपर्यंत तर ती द्राक्षंच असतात ना? कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी त्यांच्या वाटीत आणखी शीरखुर्मा घातला. मी म्हटलं, भाईजान, मौलानांना विचारा, ते आधी तुम्हालाच प्रश्न विचारतील, पण ऐकून घेतील.

मग मी फ्रीजमधून माझी जांभळी वाटी काढली आणि तिच्या पुढे ठेवली. तिने अर्धा चमचा तोंडात घेतला, जीभ टाळूला लावून थोडा वेळ गप्प बसली, परीक्षेत पर्यवेक्षक बसतात तशी.

"रवाळ आहे, टीचर. मैद्याची चाळणी चालणार नाही."

कोणती चाळणी आणायची ते तिने ईदीच्या पाकिटावर मागच्या बाजूला लिहून दिलं.